रूट केलेल्या फोनचा बॅकअप नेमका अडतो कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. फोन अँड्रॉइड १३ चा, मॅजिस्क या साधनाने रूट केलेला, म्हणजे सिस्टिमवर पूर्ण अधिकार मिळवलेला. नवी कस्टम रॉम (कंपनीऐवजी इतरांनी बनवलेली अँड्रॉइड) टाकायची आहे, म्हणून आधी सगळ्याचा बॅकअप हवा. निओ बॅकअप या ॲपने ॲप्स घेताना काही 'फेल' दाखवतात, तर काहींचा बॅकअप जेमतेम काही केबींचा होतो. टर्मक्स या कमांड चालवायच्या ॲपमधून हाताने टार (सगळ्या फाइलींचं एकच गाठोडं) करायला गेलं तर 'असा फोल्डरच नाही' असं उत्तर येतं. टीडब्ल्यूआरपी या रिकव्हरीतून (अँड्रॉइड सुरू न करता चालणाऱ्या दुरुस्तीच्या छोट्या सिस्टिममधून) अख्खं डेटा पार्टिशन, म्हणजे ॲप्स आणि त्यांचा डेटा असलेला मेमरीचा भाग, घ्यायला गेलं तर एरर २५५. आणि जे बॅकअप यशस्वी झाले त्यांतली काही ॲप्स दुसऱ्या फोनवर टाकून पाहिली, तर ती उघडताक्षणी बंद पडतात. यावर मॅजिस्क पुन्हा टाकून झालं, कॅशे पुसून झाली, बॅकअपचं ॲप काढून पुन्हा घालून झालं. फरक शून्य.

फरक पडणारच नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वाचता न येणं, लिहिता न येणं आणि परत टाकलेला डेटा ॲपला न चालणं ही तीन वेगळी दुखणी आहेत, आणि तुमच्याकडे बहुधा तिन्ही एकदम आली आहेत. 'बॅकअप फेल' या दोन शब्दांवरून त्यातलं काहीच कळत नाही. कळतं ते लॉगमधून, म्हणजे कामाच्या ओळीवार नोंदीतून. निओ बॅकअपमध्ये फेल झालेल्या ॲपचा लॉग तिथेच मिळतो. टीडब्ल्यूआरपीचा लॉग मात्र रॅममध्ये असतो, रीबूट केलं की गेला. म्हणून एरर आली की त्याच क्षणी, रीबूट न करता, ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन लॉग मेमरी कार्डावर कॉपी करायचा. निम्मे लोक इथेच चुकतात आणि मग फक्त २५५ हा आकडा घेऊन विचारत फिरतात.

आधी वाचण्याचं दुखणं घेऊ, कारण टर्मक्समधली गंमत तिथली आहे. अँड्रॉइड ११ पासून प्रत्येक ॲपला फाइल सिस्टिमचं वेगळं चित्र दाखवलं जातं. ॲपच्या नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्याला दिसणाऱ्या या चित्रात, '/डेटा/डेटा' उघडलं की त्याला फक्त स्वतःचा फोल्डर दिसतो, बाकीच्या ॲप्सचे फोल्डर जणू अस्तित्वातच नाहीत. आता टर्मक्समधून तुम्ही रूट मागता तेव्हा मॅजिस्क मूळ सेटिंगनुसार मागणाऱ्या ॲपचीच नेमस्पेस त्या रूट सेशनला देतं. म्हणजे अधिकार रूटचे, पण दृष्टी टर्मक्सची. परवानगी नाकारली असती तर 'परमिशन डिनाइड' आलं असतं. इथे 'फोल्डर नाही' असं येतं, हीच खूण. उपाय सोपा आहे. मॅजिस्कच्या सेटिंगमध्ये माउंट नेमस्पेस मोड 'ग्लोबल' करा, किंवा रूट मागताना 'एसयू' या कमांडला 'माउंट मास्टर'चा पर्याय द्या. निओ बॅकअप स्वतःहून ग्लोबल नेमस्पेसमध्ये शिरतं, त्यामुळे तिथे हा त्रास सहसा होत नाही. जुनी ॲप्स आणि घरी लिहिलेल्या स्क्रिप्ट यांना होतो. आणि यातली वाईट गोष्ट अशी की काही स्क्रिप्ट रिकामा टार बनवून 'यशस्वी' म्हणून मोकळ्या होतात.

पुढेमागे मॅजिस्क सोडून कर्नेलएसयू या दुसऱ्या रूट साधनाकडे गेलात तर एक लक्षात असू द्या. तिथे रूट मागितल्यावर विचारणारी खिडकी येतच नाही. मॅनेजरमध्ये जाऊन त्या ॲपला हाताने परवानगी द्यावी लागते, आणि नेमस्पेसचं सेटिंगही तिथेच, त्या ॲपच्या प्रोफाइलमध्ये असतं. मॅजिस्कच्या सवयीने खिडकीची वाट बघत बसलेले बरेच जण पाहिले आहेत. मॅजिस्कमध्येसुद्धा बॅकअपचं ॲप चुकून डिनायलिस्टमध्ये (ज्यांच्यापासून रूट लपवायचं त्या ॲप्सच्या यादीत) टाकलेलं नाही ना, हे एकदा बघून घ्या.

काही केबींच्या बॅकअपमध्ये दर वेळी दोष असतोच असं नाही. एकाच ॲपचा डेटा चार-पाच ठिकाणी विखुरलेला असतो: मुख्य डेटा '/डेटा/डेटा'मध्ये, स्क्रीन अनलॉक होण्याआधी लागणारा डेटा 'युजर_डीई'मध्ये, मोठ्या फाइली अंतर्गत स्टोरेजच्या 'अँड्रॉइड' फोल्डरातल्या 'डेटा', 'ओबीबी' आणि 'मीडिया' या तिघांत. दोन जीबींचा गेम काही केबींत आटोपला असेल तर बहुधा बाहेरच्या, म्हणजे 'अँड्रॉइड' फोल्डरातल्या, डेटाची खूण लावायची राहिली आहे. उलट कॅल्क्युलेटरचा बॅकअप छोटा आला म्हणून घाबरायचं कारण नाही.

वाचताना आणखी एक अडचण येते, ती म्हणजे ॲप चालू असताना घेतलेला बॅकअप. बहुतेक ॲप्स एसक्यूलाइट डेटाबेस वापरतात आणि ताजे बदल मुख्य फाइलमध्ये लगेच जात नाहीत. ते शेजारच्या 'वॉल' नावाच्या फाइलमध्ये साठतात आणि सवडीने मुख्य फाइलमध्ये मिसळले जातात. त्यामुळे फक्त 'डीबी' फाइल उचलली तर कालपर्यंतचा हिशेब येतो, आजचा नाही; आणि दोन्ही फाइली वेगवेगळ्या क्षणी कॉपी झाल्या तर डेटाबेस बिघडलेला निघतो. बॅकअपआधी ॲप थांबवण्याचा पर्याय चालू ठेवा. हाताने करत असाल तर 'फोर्स स्टॉप' करून मगच टार, आणि अख्खा फोल्डर घ्या, त्यातली निवडक फाइल नव्हे.

आता लिहिण्याचं दुखणं. हे पटकन उरकता येईल. पेन ड्राइव्ह किंवा कार्ड फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं असेल तर एक फाइल ४ जीबींपेक्षा मोठी होऊ शकत नाही. मोठ्या गेमचा टार नेमका त्या आकड्याशी येऊन मरत असेल तर कारण शोधायला लांब जायला नको. फोन एक्सफॅट वाचत असेल तर तसं करून घ्या. टीडब्ल्यूआरपी डेटाचे टार तुकडे पाडून लिहितं, म्हणून तिथे हे कमी जाणवतं. दुसरं कारण तुम्हीच निर्माण केलं आहे: बॅकअपचं ॲप काढून पुन्हा घातलंत की फोल्डरची परवानगी गेली. जुना मार्ग सेटिंगमध्ये दिसत असला तरी फोल्डर पुन्हा निवडून द्यावा लागतो. तो निवडतानाही अँड्रॉइड ११ पासून स्टोरेजचं मूळ किंवा 'डाउनलोड' फोल्डर थेट निवडता येत नाही, आत एखादा नवा फोल्डर करून तो द्यावा. तिसरं कारण बॅटरी. स्क्रीन बंद झाल्यावर दहा-पंधरा ॲप्सनंतर काम थांबत असेल, तर त्या ॲपवरची बॅटरीची बंधनं पूर्ण उठवा आणि चार्जरला लावूनच सगळं चालवा.

मोकळी जागासुद्धा 'बॅकअपएवढी' असून भागत नाही. काही ॲप्स आधी तात्पुरती प्रत करतात, मग दाबून अंतिम फाइल बनवतात, म्हणजे सगळ्यात मोठ्या ॲपच्या दुप्पट जागा तरी हाताशी हवी.

टीडब्ल्यूआरपीच्या २५५ कडे येऊ. हा आकडा कारण सांगत नाही. टार करणारी उपप्रक्रिया मेली, एवढाच त्याचा अर्थ. बॅकअपच्या वेळी 'क्रिएटटारफोर्क' आणि रिस्टोअरच्या वेळी 'एक्स्ट्रॅक्टटारफोर्क' या नावाने तो येतो. लॉगमध्ये त्या ओळीच्या वरच्या दोन-चार ओळी वाचा. तिथे शेवटी हात लागलेल्या फाइलचं नाव असतं, आणि त्या मार्गात ९९९ हा आकडा असेल तर निदान झालं. शाओमीच्या ड्युअल ॲप्स आणि वनप्लसच्या पॅरलल ॲप्स ही सोय फोनमध्ये ९९९ क्रमांकाचा एक वेगळाच युजर तयार करून चालते. एकाच फोनवर दोन व्हॉट्सॲप चालवणाऱ्यांच्या घरी हा पाहुणा हमखास असतो. त्याच्या फाइली त्याच्या स्वतःच्या किल्लीने कुलूपबंद असतात. टीडब्ल्यूआरपीमध्ये तुम्ही पिन टाकून मुख्य युजर उघडता, ९९९ बंदच राहतो. मग लॉगमध्ये 'रिक्वायर्ड की नॉट अवेलेबल' असं दिसतं आणि अख्खा बॅकअप तिथे कोसळतो. रिकव्हरीतून ते फोल्डर पुसायचे सल्ले फिरत असतात. त्यापेक्षा चालू फोनमध्ये, सेटिंगमधून ड्युअल ॲप्स रीतसर बंद करा. अर्थात त्या दुसऱ्या व्हॉट्सॲपच्या गप्पा आधी बाहेर काढून. सिक्युअर फोल्डर, वर्क प्रोफाइल, सेकंड स्पेस यांनाही हेच लागू, तिथे युजर क्रमांक १० किंवा त्यापुढचा दिसेल.

याहून मूलभूत अडचण एन्क्रिप्शनची. अँड्रॉइड १० पासून बाजारात आलेल्या नव्या फोनना फाइलनिहाय एन्क्रिप्शन सक्तीचं आहे. तुमच्या मॉडेलसाठी बनवलेल्या टीडब्ल्यूआरपीला तुमच्या अँड्रॉइड आवृत्तीचं कुलूप उघडता येत नसेल, तर डेटा पार्टिशन ० एमबी दिसतं, किंवा फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांची दिसतात. तिथे कितीही वेळा 'बॅकअप' दाबलं तरी उपयोग नाही. माझं मत विचाराल तर आजच्या फोनवर टीडब्ल्यूआरपीच्या डेटा बॅकअपवर विसंबूच नये. रॉम बदलल्यावर तो परत टाकणं तर उघडउघड धोक्याचं. शिवाय 'डेटा' म्हटलं तरी अंतर्गत स्टोरेजमधले फोटो, डाउनलोड त्यात येत नाहीत. टीडब्ल्यूआरपी '/डेटा/मीडिया' मुद्दाम वगळतं.

रिकव्हरीतून किंवा रूट शेलमधून खरोखर घ्यायचं ते वेगळंच आहे. क्वालकॉम चिप असेल तर 'मोडेमएसटी१', 'मोडेमएसटी२' आणि 'एफएसजी', मीडियाटेक असेल तर 'एनव्हीरॅम' आणि 'एनव्हीडेटा', सॅमसंगमध्ये 'ईएफएस', आणि 'पर्सिस्ट' बहुतेक सगळ्यांकडे. आयएमईआय, नेटवर्कचं आणि सेन्सरचं कॅलिब्रेशन इथे असतं. ॲप्स पुन्हा टाकता येतात, गप्पा एकवेळ गेल्या तरी माणूस जगतो. पण ही पार्टिशन बिघडली आणि प्रत नसली तर सिम असूनही फोनला रेंज नाही, आणि दुसऱ्याच्या फोनची प्रत टाकून हे दुरुस्त होत नाही. या काही एमबींच्या फाइली आहेत, घ्यायला दोन मिनिटं लागतात. सोबत मूळ रॉमची बूट इमेजही (फोन सुरू होताना लागणारी फाइल) ठेवा. ज्या फोनमध्ये 'इनिट_बूट' वेगळी असते तिथे तीही.

आता तिसरं दुखणं: बॅकअप यशस्वी, रिस्टोअर यशस्वी, पण ॲप उघडलं की बंद. इथे अंदाज करत बसू नका. फोन संगणकाला जोडा, एडीबीवरून (संगणकावरून फोनला कमांड देणाऱ्या साधनातून) लॉगकॅट, म्हणजे फोनचा चालू लॉग, सुरू करा, ॲप उघडा, पडू द्या, आणि पडण्याच्या क्षणाच्या ओळी वाचा. चार-पाच प्रकारचीच वाक्यं येतात.

'परमिशन डिनाइड' किंवा 'एव्हीसी डिनाइड' आलं तर प्रश्न मालकीचा. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲप इन्स्टॉल होताना त्याला १०००० च्या पुढचा एक युजर क्रमांक मिळतो आणि त्याच्या फाइली त्या क्रमांकाच्या नावावर असतात. नव्या फोनवर तेच ॲप वेगळा क्रमांक घेतं. तुम्ही जुन्या क्रमांकासकट फाइली टाकल्यात तर जमिनीचा ताबा मिळाला पण सातबाऱ्यावर नाव जुन्याच मालकाचं, अशी गत होते. चांगलं बॅकअप ॲप हे स्वतः दुरुस्त करतं. हाताने टार उघडलात तर तुम्हाला करावं लागतं. ॲप आधी इन्स्टॉल करा, त्याच्या रिकाम्या फोल्डरचा मालक कोण आहे ते 'एलएस'ने पाहून ठेवा, ॲप थांबवा, टार उघडा आणि 'चाउन'ने सगळं त्या क्रमांकाच्या नावावर करा. कॅशेच्या फोल्डरांचा ग्रुप वेगळा असतो, म्हणून कॅशे मुळात परत टाकूच नका. अंतर्गत स्टोरेजमधल्या 'अँड्रॉइड/डेटा'तल्या फाइलींनाही अँड्रॉइड ११ पासून अशीच मालकी लागते. गेम 'सगळं पुन्हा डाउनलोड करतो' म्हणतो तेव्हा बऱ्याचदा हेच कारण.

मालकी बरोबर असूनही 'एव्हीसी' येत राहिलं तर एसईलिनक्स या सुरक्षाव्यवस्थेचं फाइलीवरचं लेबल चुकलं आहे. ते दुरुस्त करायला सगळीकडे 'रिस्टोअरकॉन' ही कमांड चालवा असं सांगतात आणि लोक ते नुसत्या 'आर' पर्यायाने चालवतात. अँड्रॉइडचा रिस्टोअरकॉन '/डेटा/डेटा'ला त्या पर्यायाने हात लावत नाही. कॅपिटल 'डी' हा पर्याय सोबत दिला तरच तो तिथे काम करतो. चूकही दाखवत नाही, गुपचूप परत येतो. म्हणून 'रिस्टोअरकॉन करून पाहिलं, उपयोग नाही' हे वाक्य मी फारसं गंभीरपणे घेत नाही. एसईलिनक्स 'परमिसिव्ह' (नुसतं नोंदवणारं, न अडवणारं) करणं हा मात्र उपाय नव्हे. निदानापुरतं पाच मिनिटं ठीक, पण तसंच सोडून दिलं तर फोनचं दार उघडं टाकल्यासारखं आहे.

'एईएडी बॅड टॅग' किंवा 'की परमनंटली इनव्हॅलिडेटेड' अशा नावाचं एक्सेप्शन दिसलं तर थांबा. इथे तुमचा बॅकअप निर्दोष आहे आणि तरीही तो चालणार नाही. ॲपने आपला डेटा कीस्टोअरमधल्या (अँड्रॉइडच्या किल्ल्यांच्या तिजोरीतल्या) किल्लीने कुलूपबंद केला आहे, आणि ती किल्ली फोनच्या सुरक्षित हार्डवेअरशी बांधलेली असते. रूट असलं तरी ती बाहेर काढता येत नाही. त्याच फोनवर डेटा फॉरमॅट केल्यावरही जुनी किल्ली गेलेलीच असते, म्हणजे फोन तोच आहे या भरवशावर राहू नका. सिग्नल हे याचं ठळक उदाहरण. त्याचा डेटाबेस असाच बांधलेला असतो, त्यामुळे सिग्नलच्या स्वतःच्या बॅकअपमधूनच गप्पा हलवाव्या लागतात, आणि फोनवरच्या त्या बॅकअपचा संकेतांक कागदावर लिहून ठेवावा लागतो. व्हॉट्सॲपचंही स्वतःचं रोज रात्री होणारं स्थानिक बॅकअप 'अँड्रॉइड/मीडिया'मध्ये असतं, ते संगणकावर उचलून ठेवा. टूएफएचे (लॉगिनच्या दुसऱ्या पायरीचे) कोड ज्या ॲपमध्ये आहेत त्यातून एक्स्पोर्ट करून घ्या. रॉम बदलून झाल्यावर हे आठवलं तर मेलमध्येसुद्धा शिरता येत नाही.

बँकांची आणि यूपीआयची ॲप्स बॅकअपच्या यादीतून सरळ काढून टाका. त्यांची नोंदणी फोन आणि सिम यांच्या जोडीशी बांधलेली असते. जुना डेटा परत टाकल्याने फायदा काहीच नाही, उलट ॲप गोंधळतं. नव्याने इन्स्टॉल करून एसएमएसने नोंदणी करायला पाच मिनिटं लागतात. रूटवर ती चालतील की नाही, तो वेगळाच विषय आहे.

इन्स्टॉल होतानाच अडत असेल तर प्रकरण डेटाचं नाही, एपीकेचं (ॲपच्या इन्स्टॉल फाइलचं) आहे. 'मिसिंग स्प्लिट' म्हणजे ॲप एका एपीकेत नसून तुकड्यांत होतं आणि बॅकअपमध्ये फक्त मुख्य तुकडा आला. ऑगस्ट २०२१ पासून प्ले स्टोअरवर नवी ॲप्स बंडलच्या (तुकडे पाडता येणाऱ्या) रूपातच द्यावी लागतात, त्यामुळे हे सर्रास दिसतं. टायटॅनियम बॅकअप एके काळी रूटवाल्यांचं दैवत होतं, पण ते जुन्या जमान्याचं आहे. त्याच्या आठवणीत रमू नका. 'अपडेट इनकम्पॅटिबल' म्हणजे फोनवर त्याच नावाचं पण वेगळ्या सहीचं ॲप आधीच आहे, उदाहरणार्थ एकदा एफ-ड्रॉइडवरून आणि एकदा प्ले स्टोअरवरून घेतलेलं. जुनं काढूनच नवं बसेल. आणि फार जुनी ॲप्स अँड्रॉइड १४ नाकारतो, कारण २३ पेक्षा कमी टार्गेट एसडीकेची (ॲप ज्या अँड्रॉइडसाठी बनवलं त्या पातळीच्या क्रमांकाची) ॲप्स तो इन्स्टॉलच होऊ देत नाही. एडीबीवरून खास पर्याय देऊन ती घालता येतात. 'डेटाबेस डाउनग्रेड करता येत नाही' असं आलं तर नव्या आवृत्तीचा डेटा जुन्या ॲपवर टाकलात, ॲप अपडेट करा.

सिस्टिम ॲप्सचा डेटा एका रॉममधून दुसऱ्या रॉममध्ये नेऊ नका, सेटिंग्जचा तर मुळीच नाही. बूटलूपची (फोन पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहण्याची) ती राजमार्गाने जाणारी वाट आहे. एसएमएस आणि कॉल लॉग वेगळे एक्स्पोर्ट करून घ्या.

तुमच्यासाठी क्रम असा लावतो. ड्युअल ॲप्स बंद करा, नेमस्पेस ग्लोबल करा, निओ बॅकअपला फोल्डर पुन्हा निवडून द्या. आधी फक्त एक बिनमहत्त्वाचं ॲप घ्या, ते काढून टाका, परत टाका, उघडून पहा. जमलं की बाकीची. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो फोनबाहेर कुठेतरी लिहिलेला हवा. मग सगळा फोल्डर संगणकावर न्या, कारण रॉम टाकताना 'फॉरमॅट डेटा'साठी 'येस' टाइप केलंत की अंतर्गत स्टोरेजही पुसलं जातं आणि फोनमध्येच ठेवलेला बॅकअप त्याच्यासोबत जातो. मोडेमची पार्टिशनही त्याच फोल्डरात.

हे करूनही एखादं ॲप अडलं तर त्याचं नाव, अँड्रॉइडची आणि मॅजिस्कची आवृत्ती, आणि एररच्या वरच्या वीसेक ओळींचा मजकूर द्या. स्क्रीनशॉट नको, त्यात कामाची ओळ नेहमी कापलेली असते. लॉग देण्याआधी त्यातला मेल पत्ता आणि फोन नंबर मात्र खोडून टाका.